डच शिकायला गेलो आणि...

अण्णांशी बुद्धिबळ खेळताना काळी मोहरी कायम माझ्याकडे. "तू लहान आहेस बे," एवढंच त्यांचं कारण. मी बेचाळीसचा आहे.

रविवारी दुपारी सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्यांच्या टॉवेल-चादरीच्या दुकानात गिऱ्हाईक नसतं, तेव्हा पायरीवर पट मांडतो. काळ्याचं म्हणजे पंगतीतल्या पाहुण्यासारखं. ताटात काय पडणार ते वाढपी ठरवतो. तरी मी तयारीनं गेलो होतो. अण्णा न चुकता डी४नं, म्हणजे वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकून सुरुवात करतात, म्हणून मी डच बचाव पाठ केला, डी४ला एफ५. नेदरलँड्समधल्या एलियास स्टाइननं १७८९च्या पुस्तकात त्याची शिफारस केली, म्हणून ते नाव.

अण्णांना स्टाइन माहीत नव्हता. त्यांनी दुसऱ्याच चालीला ई४ करून राजासमोरचं प्यादं पुढ्यात टाकलं. मी हावरटासारखं मारलं. मग सी३वर घोडा, जी५वर उंट, आणि माझा डाव कडक भाकरीसारखा काडकन मोडला. प्याद्याचं आमिष दाखवायच्या या डावाला स्टॉन्टन गँबिट म्हणतात, हे घरी जाऊन कळलं.

त्यावर तोडगाही सापडला. आधी ई६ करायचं, एफ५ मागाहून. त्या गँबिटची वाटच बंद, आणि डच ते डचच! पुढच्या रविवारी अण्णा डी४, मी ई६. अण्णांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला आणि ई४ केलं. आता एफ५ म्हणजे स्वतःच्याच राजाचं दार उघडं टाकणं. नाइलाजानं डी५ केलं.

"हे फ्रेंच झालं की बे!"

झालंच होतं. दोनच चालींत डचमधून फ्रेंच बचावात, आणि मला फ्रेंचचं ओ की ठो येत नव्हतं. खरं तर मी आधीच ओळखायला हवं होतं. हा माणूस घरात तेलुगू बोलतो, कर्नाटकातल्या इंडीच्या गिऱ्हाइकाशी कन्नड, माझ्याशी मराठी, आणि चिडला की हिंदी. वाक्य एका भाषेत सुरू करून दुसऱ्या भाषेत संपवतो. त्याला डी४-ई४चं कसलं सोवळं?

मग दोन महिने फ्रेंच. त्यात काळ्याचा सी८वरचा उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडून बसतो, मे महिन्यात दुपारी सोलापूरकर बसतात तसा. (डचच्या स्टोनवॉल नावाच्या मांडणीतही तो कोंडलेलाच असतो. त्या उंटाच्या पत्रिकेतच दोष आहे.) बायकोनं एकदाच विचारलं, "डच खेळायला फ्रेंच कशाला लागतं?" मी पटावर समजावून सांगितलं. पुन्हा तिनं काही विचारलं नाही.

गेल्या रविवारी डी४, ई६. मी ई४ची वाट बघत हात चोळत होतो. अण्णांनी सी४ केलं.

आता एफ५ बिनधोक होतं. हवं होतं ते डच समोर हात जोडून उभं, आणि मला त्यातली पुढची एक चाल आठवेना.

"अण्णा, चाल परत घेता का? ई४ खेळा की."

अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि गल्ल्यावरच्या पोराला तेलुगूत काहीतरी सांगितलं. दोघं पोट धरून हसले.

"मराठीत सांगा ना."

"मराठीत मजा नाही बे," अण्णा म्हणाले. "खेळ."