सपाट व्हरांड्यावर चालला म्हणजे बरा झाला?

अंगावरून वारं गेलेल्यांसाठी, म्हणजे स्ट्रोक झालेल्यांसाठी, ‘पाच सोनेरी नियम’ सांगणारा एक संदेश गेले काही महिने आमच्या गोव्यातल्या फोंडा-डिचोली भागात या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतो आहे. मला तो आधी एका पेशंटच्या सुनेने दाखवला, मग दुसऱ्या घरी मुलाने, आणि परवा माझ्या आईनेच पाठवला. मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते हे आईला माहीत आहे. तरीही.

संदेशाचं म्हणणं थोडक्यात असं. दोष पायाच्या नसांत असतो, तेव्हा पायाला मालिश करा, वजनं बांधा. पहिल्या दिवसापासून होईल तितकं चालवा. घरात आधाराशिवाय चालू लागला की पेशंट बरा झाला. चालताना त्याला सतत बोलतं ठेवा, म्हणजे मेंदू जागा होतो. आणि सहा महिन्यांत येईल तेवढंच, पुढे काही होत नाही. ओळीनेच घेते, पण तिसऱ्यापाशी जरा जास्त थांबणार आहे. माझी माणसं पडतात ती त्या तिसऱ्यामुळे.

“दोष पायाच्या नसांत.” पाय आपल्या जागी धड असतो. मेंदूतली रक्तवाहिनी बंद होते किंवा फुटते, आणि पायाला हुकूम देणारी जागा किंवा तिथून खाली येणारी वाट निकामी होते. खाली येणारे बहुतेक तंतू मानेच्या वरच, लंबमज्जेत, बाजू बदलतात, म्हणून डाव्या मेंदूचं दुखणं उजव्या अंगात दिसतं. मालिशने ताठरलेला पाय थोडा सैलावतो, माणसाला बरं वाटतं, खुशाल करा. मात्र पोटरी सुजून गरम लागत असेल तर चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते, आधी डॉक्टरला दाखवा. वजनं बांधून ताकद येते, पण ताकद आली म्हणून चाल येतेच असं नाही. चालणं चालूनच शिकावं लागतं. पारव्याचं रक्त चोळायच्या गावठी उपायाचा उल्लेख संदेशात नाही, एवढ्यासाठी मी लिहिणाऱ्याची आभारी आहे.

“पहिल्या दिवसापासून होईल तितकं.” हे ऐकायला बरोबर वाटतं. 2015 साली ‘अव्हर्ट’ नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. 2104 पेशंट होते. त्यातल्या अर्ध्यांना 24 तासांच्या आत, वारंवार आणि जास्त वेळ उठवून हालचाल करायला लावली. तीन महिन्यांनी पाहिलं तर चांगली स्थिती या गटात 46 टक्क्यांची होती, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत 50 टक्क्यांची. म्हणजे घाईने फायदा तर झाला नाहीच, उलट थोडं नुकसान झालं. यावरून महिनाभर खाटेवर निजवून ठेवायचं असाही अर्थ काढू नका. दुसरा गटही लवकरच उठला होता. कधी आणि किती, हे वॉर्डातल्या माणसांना ठरवू द्या.

आता तिसरा: “घरात आधाराशिवाय चालला म्हणजे बरा झाला.”

घरात काय असतं? गुळगुळीत फरशी, ओळखीची भिंत, घाई करणारं कुणी नाही. उंबऱ्याबाहेर मात्र चिऱ्यांच्या उंचसखल पायऱ्या, पावसाळाभर त्यांच्यावर शेवाळ, अंगणात लाल चिखल. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, उतरायचं तर पाटावर आडवी टाकलेली पोफळीची खोडं. कदंबच्या, म्हणजे आमच्या सरकारी, बसची पहिली पायरी चढताना तर धडधाकट माणसाचाही गुडघा पोटाशी येतो. व्हरांड्यात वीस फेऱ्या मारणारा माणूस यातल्या कशासाठी तयार झाला?

निरोगी माणसाचं चालणं बरंचसं आपोआप होतं. एक पाय वाकतो तेव्हा दुसरा ताणला जातो, ही लय मज्जारज्जू एकटासुद्धा उभी करू शकतो, हे थॉमस ग्रॅहम ब्राउन यांनी 1911 साली मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. म्हणून आपण चालता चालता बाजारातला हिशेब करू शकतो. स्ट्रोकनंतर ही सोय मोडते. मग कपाळामागचा मेंदू, ज्याने एरवी आपण हिशेब करतो, तो प्रत्येक पावलावर पहारा द्यायला बसतो.

हे नुसतं अनुमान नाही, ते मोजताही येतं. एमआरआयमध्ये माणसाला निजावं लागतं, चालता येत नाही. पण कपाळाला पट्टी बांधून तिच्यातून डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडला तर तो कवटी पार करून मेंदूच्या वरच्या थरापर्यंत पोहोचतो आणि परततो. प्राणवायू भरलेलं रक्त आणि प्राणवायू खर्चलेलं रक्त हा प्रकाश वेगवेगळा शोषतात, त्या फरकावरून तिथलं काम कळतं. याला निअर-इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात. खोलवरचं तिला दिसत नाही, आणि रक्ताचा बदल काही सेकंद मागून येतो, एवढी मर्यादा लक्षात ठेवायची. तरी स्ट्रोक झालेल्यांवरच्या अनेक अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे: सपाट जमिनीवर चालतानाच त्यांच्या कपाळामागे जास्त काम चालू असतं. वाटेत अडथळा ठेवला किंवा जोडीला तोंडी काम दिलं की काहींचं ते आणखी वाढतं. काहींचं वाढूच शकत नाही, शिल्लक आधीच संपलेली असते, मग वेग कोसळतो. आता जास्त काम म्हणजे वाईटच, असंही मी म्हणणार नाही. कधी कधी त्या पहाऱ्यामुळेच माणूस सावरतो. पण बाहेरून दोघांची चाल सारखी दिसत असताना एकाच्या खिशात दहा रुपये उरलेले असतात आणि दुसऱ्याच्या काहीच नाही, हे व्हरांड्यावरून कळत नाही.

तळपायाचंही तसंच. निरोगी पाऊल आधी टाचेवर पडतं, भार बाहेरच्या कडेने पुढे सरकतो, चवड्यावर येतो आणि अंगठ्याने जमीन मागे ढकलली जाते. स्ट्रोकनंतर पोटरी ताठरली असेल तर टाच आधी टेकतच नाही. चवडा किंवा बाहेरची कड पहिली आपटते, शेवटचा रेटा मिळत नाही आणि भार भराभर चांगल्या पायावर जातो. प्रयोगशाळेत हे बुटात बसवलेल्या दाबमापक तळव्यांनी मोजतात. मी चपला उलट्या करून बघते. दुबळ्या बाजूची चप्पल पुढून बाहेरच्या कडेला झिजलेली असली की मला पेशंट चालून दाखवायच्या आधीच अर्धं कळतं. पावसानंतर अंगणातल्या ओल्या लाल मातीत उमटलेली पावलंही बोलकी असतात: टाचेचा खड्डा उथळ, बाहेरची कड खोल. घरातल्या फरशीवर हे झाकून जातं, ओबडधोबड चिऱ्यावर त्याच कडेने पाऊल मुरगळतं.

घरी एक साधी मोजणी करता येते. 10 मीटर अंतर नेहमीच्या चालीने चालायला किती सेकंद लागतात ते बघा, सोबत कुणी तरी असू द्या. 25 सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर माणूस बहुधा घरापुरताच चालतो. साडेबारापेक्षा कमी लागले तर गावात फिरण्याइतका वेग आहे. 1995 पासून वापरात असलेली ही विभागणी आहे. वेग म्हणजे सगळं नव्हे, पण “चालतो ना!” यापेक्षा बरं.

मग करायचं काय? अवघड वाट टाळायची नाही, ती मोजून-मापून आणायची. आधी फरशीवर पडलेली काठी ओलांडणं, मग एक पायरी, मग कोरडं अंगण, शेवटी चढउतार. सोबतच्याने दुबळ्या बाजूला, किंचित मागे राहायचं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा आधी. शेवाळावर सराव कुणीच करायचा नाही, आधी ते खरवडून काढा.

“चालताना सतत बोलतं ठेवा.” उलट. 1997 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वीडनमधल्या संशोधकांचं एक छोटं टिपण आलं. निवासी संस्थेतल्या 58 वृद्धांसोबत चालता चालता ते बोलत गेले. 12 जण बोलताना थांबले, आणि पुढच्या सहा महिन्यांत त्यातले 10 पडले. ते सगळे स्ट्रोकचे पेशंट नव्हते, पण खूण उपयोगी आहे. माझ्याकडे यासाठी आयती परीक्षा आहे: संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो आणि पेशंट मान वळवतो, तेव्हा दुबळा पाय काय करतो ते मी बघते. चालणं आणि बोलणं एकत्र शिकवतात, पण नंतर, कठडा हाताशी ठेवून. पायरीवर असलेल्या माणसाला “जेवलात का?” विचारू नका.

“सहा महिन्यांनंतर दार बंद.” सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच, कारण त्यानंतर घरची माणसं प्रयत्न सोडतात. सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा वेगाने होते हे खरं. पण 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 408 पेशंटांच्या चाचणीत एका गटाचा ट्रेडमिलवरचा सराव सहाव्या महिन्यानंतरच सुरू केला होता. वर्षाअखेरीस तो गट आधी सुरुवात केलेल्यांच्या बरोबरीला आला. एकूण 52 टक्के लोकांची चालण्याची पातळी सुधारली. आणि फिजिओने घरी येऊन करवून घेतलेला व्यायाम ट्रेडमिलपेक्षा कमी ठरला नाही, हे वाचून मला झालेला आनंद मी लपवत नाही.

माझ्याकडच्या एका काकांना वारं जाऊन चौदा महिने झाले. त्यांना जत्रेला देवळाच्या पायऱ्या आपल्या पायांनी चढायच्या आहेत. सहा पायऱ्या आहेत. दिवाळीत ते एक चढत होते, आता कठडा धरून चार चढतात. पाचवीवर पाय ठेवला की नातू खालून “आबा!” म्हणून हाक मारतो आणि ते थांबतात. सध्या आम्ही नातवाला शिकवतो आहोत.