ताटाचा हिशोब मला शिकवू नका

वसुबारसेची दुपार. खानावळ भरलेली, आत भाकऱ्यांचा धडाका चाललेला. सहा नंबरच्या टेबलावर आमचे दोन जुने मेंबर बसलेले. एकानं पेपर उलगडला. आतल्या पानावर कुठंतरी बातमी होती, यंदा कैद्यांनाही दिवाळीचं गोडधोड. झालं. "बघ बे, आपल्याला तेल परवडंना आणि हे हरामखोर फुकट लाडू खायलेत. एखाद्याचं डोकं फोडून आपणच आत जाऊन बसावं, दोन टाइम आयतं तरी मिळतंय." दुसरा खिदळला. मी त्याच टेबलावर आमटी वाढत होतो. वाढली. "अजून देऊ का?" असंही विचारलं.

धंदा आहे. मेंबरच्या डोक्यावर आमटी ओतता येत नाही. म्हणून इथं ओततोय.

माझा धाकटा भाऊ सव्वा वर्ष झालं आत आहे. कुठल्या तुरुंगात ते सांगत नाही, त्याला तिथंच दिवस काढायचेत. गल्लीतल्या मारामारीत नाव आलं. केलं असेल तर भोगेल, मी त्याची वकिली करायला बसलेलो नाही. पण अजून केस उभी राहिलेली नाही. तारखेला जायचं, पुढची तारीख घेऊन यायचं. कागदावर तो न्यायाधीन बंदी. आमच्या टेबल नंबर सहाच्या कोर्टात मात्र निकाल लागून शिक्षाही सुरू झालेली!

आणि तो एकटा आहे का? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ अखेरचा आकडा बघा. देशभरच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं, त्यातली ४ लाख ३४ हजार खटला संपायची वाट बघणारी. म्हणजे चारातली तीन. ज्यांचा गुन्हा अजून ठरायचाय त्यांच्या लाडवावर तुमचा डोळा. आणि १०० माणसांच्या जागेत १३१ कोंबलेत. माझ्याकडं चाळीस पाटांची सोय, तिथं बावन्न माणसं बसवून दाखवा, आमटीत पाणी किती वाढतं ते मग बोलू.

आता लाडवाचंच घ्या. मी वीस वर्षं ताटाचा हिशोब करतोय. डालड्यात तळलेल्या बुंदीचा मध्यम लाडू, घरच्या भट्टीवर, शंभराच्या घाण्यात काढला तर सहा-सात रुपयांच्या वर जात नाही. वर्षातून चार-दोन सणांना सहा रुपयांचा लाडू. ह्याच्यावर एवढी जळजळ! बरं, ही कुणी साहेबानं खूश होऊन दिलेली खिरापतही नाही. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीतच सणाला आणि राष्ट्रीय दिवसांना विशेष जेवणाची तरतूद आहे. उरलेले साडेतीनशे दिवस काय वाढतात, ह्याची बातमी कुणी छापत नाही, आणि छापली तरी सहा नंबरवाले वाचायचे नाहीत.

मी सांगतो. डाळ असते, पण डाळ शोधावी लागते. भाजीत बटाटा आणि भोपळा आलटून पालटून. चपाती सकाळी बरी, संध्याकाळी चामडं. हे भाऊ सांगतो. तो खानावळीत वाढलेला पोरगा, अन्नाला नाव ठेवणारा नाही. कच्ची डाळ न भिजवता चढवली तर कशी लागते, हे त्याला कळतंय एवढंच.

आणि वेळ! संध्याकाळी पाच-साडेपाचला जेवण, की बराकीला कुलूप. माझ्याकडं रात्रीचा तवा साडेसातला तापतो, तोवर त्याला जेवून दोन तास झालेले असतात. नंतर सकाळच्या पोह्यांपर्यंत तेरा-चौदा तास पोटाला काय बांधायचं? अठ्ठावीस वर्षांचं पोरगं आहे ते. मग दुपारची चपाती टॉवेलात गुंडाळून ठेवायची, नाहीतर कँटीनचं फरसाण, बिस्किट.

ते कँटीन फुकट नाही हो! २०२४ च्या सुरुवातीला बातमी आली होती, महाराष्ट्रातल्या तुरुंगांच्या कँटीनच्या यादीत पाणीपुरी आणि आईस्क्रीम घातलं म्हणून. तेव्हा तर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर शिमगाच झाला. "आता जेलात चौपाटी." अरे, ते विकत आहे, विकत! ज्याच्या खात्यावर घरून पैसे येतात त्यानं घ्यायचं. ज्याला कुणी पाठवत नाही तो पाणीपुरीची यादी वाचून झोपतो. २०२१ मध्ये मुंबईत एका बड्या नटाचा मुलगा आत होता, त्याला घरून ४,५०० रुपयांची मनीऑर्डर गेली, ती पेपरात आली, कारण तेव्हा तेवढीच मर्यादा होती. नटाच्या पोराची मनीऑर्डर बातमी होते. माझी दर महिन्याला जाते, ती फक्त पोस्टातल्या ताईंना माहिती.

दोन हजार पाठवतो. त्यावर पोस्टाचं कमिशन वीस रुपयाला एक, म्हणजे शंभर रुपये. एका थाळीचे पैसे आधीच गेले. महिन्यातून एकदा मुलाखतीला, म्हणजे त्याच्या भेटीला जायचं तर एसटी, वाटेत चहा, दिवसभर खानावळ बंद. हे सगळं कुणाच्या खिशातून? 'शासन भरवतंय' म्हणे. माझं गल्ल्याचं बुक आणून दाखवू का?

खरा राग वेगळाच आहे. मागच्या संक्रांतीला आईनं शेंगापोळ्या केल्या. सोलापूरच्या माणसाला सांगायला नको, शेंगापोळी आठ-पंधरा दिवस बिघडत नाही, प्रवासाचंच ते अन्न. इकडं सिद्धरामेश्वराची यात्रा, गड्ड्यावर गर्दी, आणि ही बाई पहाटेच्या एसटीत पोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसलेली. फाटकावरच डबा परत. "घरचं चालत नाही मावशी, कोर्टाची ऑर्डर आणा." त्या शिपायावर माझा राग नाही, त्याला वरून सांगितलेलं. आत काय काय जाऊ शकतं हेही मला कळतं. मग तपासा ना! मोडून बघा, आधी आम्हाला खायला लावा. इंग्रजांच्या १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या ३१ व्या कलमात लिहिलंय, शिक्षा न झालेल्या बंद्याला बाहेरून अन्न घेता येईल, तपासणीच्या आणि नियमांच्या अधीन राहून. वकिलानंच दाखवलं. गोऱ्यांनी लिहून ठेवलं आणि आपण त्यावर 'अधीन राहून' एवढंच वाचलं. एका शेंगापोळीसाठी वकिलाची फी भरून अर्ज करायचा? आई आता आत काही नेतच नाही. त्या दिवशी परतीच्या गाडीत तिनं डबा उघडलाही नाही.

ह्याच सोलापुरात ना आपण चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालतो? इंग्रजांनी गावावर लादलेला १९३० चा लष्करी कायदा, मग १२ जानेवारी १९३१, येरवडा, फाशी. शाळेत पाठ केलंय सगळ्यांनी. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. ते पण सरकारी दप्तरात कैदीच होते. माझ्या भावाची त्यांच्याशी बरोबरी करत नाही, तेवढी अक्कल आहे मला. पण ज्या गावानं कैदी म्हणजे कोण हे एवढं जवळून बघितलंय, तिथं 'आत गेला' म्हणजे त्याच्या पोटातली भूकही संपली असं कसं काय धरून चालतो आपण?

आणि जातीचं तर विचारूच नका. तुरुंगात स्वयंपाक कुणी करायचा आणि झाडू कुणी मारायचा हे जातीवर ठरवणारे नियम बऱ्याच राज्यांच्या पुस्तकांत होते, ते सर्वोच्च न्यायालयानं रद्द केले कधी, तर ३ ऑक्टोबर २०२४ ला. कालपरवा! (आमच्या धंद्यातही पाट्यांवर जाती लिहिलेल्या असतात, तेव्हा फार उड्या मारत नाही.)

महागाई मलाही कळते हो. डाळीचं पोतं मी उचलतो, व्यापारी सिलिंडर मी भरतो, थाळीला पाच रुपये वाढवले तर चार दिवस मेंबरांची तोंडं मी बघतो. तेल परवडत नाही हे खरंय. पण ते कैद्यानं पिऊन महाग झालेलं नाही. ज्यानं महाग केलं त्याला जाऊन विचारायची छाती नाही, म्हणून कुलपातल्या माणसाच्या ताटात वाकून बघायचं.

त्या दिवशीचं राहिलंच. जेवून झाल्यावर तो पेपरवाला मेंबर गल्ल्यापाशी आला, बडीशेप तोंडात टाकली आणि म्हणतो, "मालक, सणासुदीचं ताटात गोड काय दिसलं नाही ते? वर्षाचे मेंबर आहोत आम्ही, एखादा लाडू तरी ठेवा की फुकटात."

आतून डबा आणला. त्याला एक दिला, त्याच्या दोस्ताला एक दिला.