लॉक-इन आणि मच्छिंद्री

कोल्हापुरात भाड्याने घर मिळवणे फारसे कठीण नाही. मिळालेले घर त्यात एक रात्रही न झोपता परत करणे मात्र भल्याभल्यांचा घाम काढणारे काम आहे. आमचा करार मे महिन्याच्या अखेरीस झाला. शाहूपुरीच्या खालच्या अंगाला पहिला मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मुदत 11 महिन्यांची आणि त्यातले पहिले सहा महिने लॉक-इन, म्हणजे तेवढा काळ घर सोडायची सोय नाही. एजंटाने लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र मालकांच्या बैठकीतच मांडले आणि चहा निवायच्या आत 1000 रुपये नोंदणी फी व एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क भरून मला कायदेशीर भाडेकरू करून टाकले.

किल्ली हाती आल्यावर पडद्यांचे माप घ्यायला गेलो, तेव्हा जिन्याजवळच्या भिंतीवर माझ्या खांद्याच्या उंचीला एक रेघ आणि तिच्यापुढे 2019 असा आकडा दिसला. तिच्या किंचित वर दुसरी रेघ होती आणि तिच्यापुढे 2021 लिहिले होते. मालकांनी नातवाची उंची मोजली असावी आणि दोन वर्षांत पोरगे फारसे वाढलेले दिसत नाही, अशी मी मनातल्या मनात हळहळही व्यक्त केली. तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याने कपड्यावरून नजर न काढता खुलासा केला, “पुराच्या रेघा हायत त्या, सर.”

मालकांना सगळे जण काका म्हणतात. उभा जन्म गुळाच्या अडतीत गेलेला हा गृहस्थ इतका अगत्यशील, की त्यांच्या घरी कोणताही वाद चहा, पोहे आणि “आता जेवूनच जावा” या तीन टप्प्यांतून गेल्याखेरीज सुरूच होत नाही. मी पुराचा विषय काढल्यावर त्यांना राग तर आला नाहीच, उलट उत्साह आला. “पानी घरात येत न्हाई वो, जिन्यात थांबतंय. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पानी 39 फुटाला गेलं की इशारा आनि 43 ला धोका. म्हंजे तयारीला चार फूट मिळत्यात. आनि मच्छिंद्री झाल्याबगर, म्हंजे शिवाजी पुलाच्या दगडी माशाला पानी टेकल्याबगर, आपल्या गल्लीत पानी येतंय व्हय? मच्छिंद्री झाली की गाडी चढावर न्हेऊन लावायची आनि गॅलरीत बसायचं. लोकं लांबनं पूर बघायला शिवाजी पुलावर जात्यात, तुमाला तो घरबसल्या!” सहा महिन्यांचे लॉक-इन जून ते नोव्हेंबर असल्यामुळे आख्खा पावसाळा त्याच्या पोटात बसतो, हे मी निदर्शनास आणले, तेव्हा त्यांनी तोही घराचाच एक गुण असल्यासारखी मान डोलावली.

मग मी वकिलीत असलेल्या मेहुण्यांना गाठले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 याच्या कलम 55 प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, तो तसा करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते, आणि तसा करार नसेल तर अटींच्या बाबतीत भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते, असे त्यांनी समजावून सांगितले. म्हणजे काकांनी कायदा मोडला असता तर माझी बाजू भक्कम होती. पण काका नेमके कायद्याने चालणारे निघाले.

करारातली कलमे वाचताना तर आणखी मौज झाली. जागा रिकामी करण्यापूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी, असे एक कलम होते; जागा रिकामीच होती, ती आणखी रिकामी कशी करावी, हे कुठेच लिहिले नव्हते. जागा सोडताना रंगाचा खर्च डिपॉझिटमधून वळता करावा, असे दुसरे कलम होते. त्या भिंतींना मी खिळा सोडाच, पाठसुद्धा टेकवली नव्हती.

अखेर प्रकरण निकाली काढले ते काकूंनी. “पोरगं भितंय पान्याला, तर कशाला धरून ठेवताय?” असे त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या आणि लॉक-इनचे कलम तिथल्या तिथे गतप्राण झाले. एक महिन्याचे भाडे आणि रंगाचे पैसे कापून उरलेले डिपॉझिट परत, असा तोडगा निघाला. रद्दपत्राच्या दिवशी एजंट पुन्हा यंत्र घेऊन आला. करार करताना एका दमात उमटलेला काकांचा अंगठा तो मोडताना काही केल्या उमटेना. तो धुऊन झाला, लुंगीला पुसून झाला, काकूंच्या सूचनेवरून त्याला खोबरेल तेलही लावून झाले, आणि शेवटी यंत्रच कंटाळून राजी झाले असावे.

उरलेले पैसे मोजून हाती देताना काका गंभीरपणे म्हणाले, “रंगाचं तुमच्याकडनं घेतल्यात, तवा रंग तुमीच सांगा.” मीही मागे हटलो नाही. बाहेरच्या खोलीला फिकट पिवळा सांगितला, आणि फोडणीचे डाग पुसता यावेत म्हणून स्वयंपाकघराला ऑइलपेंट.