‘हवा असेल हो, परत काढा!’

‘हवा असेल, परत काढा.’ हे वाक्य यापुढे जो माझ्यासमोर बोलेल, त्याला गाडीखाली आडवा करून हातात निपलचा (हवा सोडायच्या छोट्या स्क्रूचा) पाना देणार आहे मी. सहा वेळा गाडीच्या ब्रेकमधली हवा काढली. सहा! पेडलवर बसून ‘दाबलं’, ‘धरलंय’, ‘सोडू का?’ ओरडून बहिणीचा घसा बसला. एकदा मी ‘धर’ म्हटलं आणि तिला ‘सोड’ ऐकू आलं, म्हणजे निपल उघडा असतानाच पेडल सुटलं आणि काढलेली सगळी हवा परत आत. त्यानंतर दोन दिवस आमचं बोलणं बंद. गाडी 20 वर्षांची आहे, तिचं मी समजून घेतो. माणसांचं काय करायचं?

मुळात तक्रार एकच होती. पुढचं डावं चाक तापायचं. थोडं फिरून आलं की त्या चाकापाशी जळका वास आणि रिमला हात लावला तर चटका. ब्रेक मारला की गाडी आधी जरा उजवीकडे जायची, आणि पाय काढल्यावर डावीकडे ओढत राहायची. हे मी गॅरेजमध्ये जसंच्या तसं सांगितलं. अख्खं निदान त्यातच होतं! पण माझं बोलणं संपायच्या आत निकाल लागला, ‘कॅलिपर जाम आहेत, दोन्ही टाकू.’ कॅलिपर म्हणजे चाकापाशी ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारी पकड. गाडी अजून जॅकवरसुद्धा चढली नव्हती.

दोन्ही कॅलिपर नवे, पॅड नवे. चाक तापायचं काही थांबलं नाही, वर पेडल मऊ झालं. एक दुखणं घेऊन गेलो होतो, दोन घेऊन आलो. मग अर्थातच ‘हवा असेल’. हवा काढायला ज्याला सीटवर बसवलं, त्याने पेडल पार तळाला टेकेपर्यंत हाणलं. जुन्या गाडीच्या मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबलं की ब्रेकचा द्रव चाकांकडे ढकलतो तो) पिस्टन एरवी तेवढ्या पुढे जातच नाही. त्या न वापरलेल्या भागात गंज आणि गाळ साचलेला असतो, आणि तिथे रबरी सील रेटलं की ते सोलून निघतं. पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा सरकवायचा असतो, बस. दुसऱ्या दिवशी पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली बसायला लागलं. ‘मास्टर गेला साहेब.’ गेला नाही रे, तुम्ही मारलात त्याला! बिल मात्र मीच भरलं.

शेवटी गाडी घरी आणली. म्हटलं, आता आपणच बघू.

मग सल्लागार जमले. एक म्हणे, ब्रेकमध्ये डॉट 5 द्रव घाल, 4 पेक्षा भारी असतं. अरे, डॉट 3 आणि 4 ग्लायकॉलचे, डॉट 5 सिलिकॉनचं, ते एकमेकांत मिसळायचं नसतं. दुसरा तर ‘ऑइल ते ऑइल’ म्हणत इंजिन ऑइलचा डबा घेऊन आला. ते आत गेलं असतं तर सगळी रबरं फुगून बसली असती. या द्रवाला ‘ब्रेक ऑइल’ म्हणायला ज्याने कुणी सुरुवात केली, त्याच्यावरही माझा राग आहे. आणि मागच्या चाकांतून निघालेलं जुनं ऑइल? काढ्यासारखं काळं. डॉट 4 नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश लागतो. हवेतलं पाणी शोषून मुरलं की हीच हद्द 155 वर येते. इकडे चाक तव्यासारखं तापतंय, आणि इतक्या जणांनी ब्रेकला हात लावून कुणाला ते ऑइल पूर्ण बदलावंसं वाटलं नाही.

मागच्या ड्रम ब्रेकच्या निपलबद्दल तर बोलूच नये. आधी कुणीतरी बारा कोनी पाना लावून त्याचे कोपरे गोल करून ठेवलेले. गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवलं, सकाळी सहा कोनी सॉकेट ठोकून बसवला आणि श्वास रोखून फिरवला. सुटला. आख्ख्या प्रकरणात मनासारखी झालेली ही एकच गोष्ट.

सहाव्यांदा हवा काढताना पाठ इतकी भरून आली की तसाच पडून राहिलो, आणि सहज नजर कॅलिपरवर गेली. निपल खाली. खाली! हवा वर जाते हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. निपल कॅलिपरच्या माथ्याशी हवा. यांनी डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठोकला होता. मी शंभर वेळा हवा काढली असती तरी वरचा बुडबुडा जागचा हलला नसता.

अदलाबदल केली, पेडल घट्ट झालं. पण डाव्या निपलमधून धार सुतासारखी, उजवीकडून पिचकारी. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. चाक उचललं, बहिणीला ब्रेक मारून सोडायला सांगितलं (समेट झाला होता). चाक जाम. स्टीलचा पाइप आणि रबरी होज जिथे जुळतात तो नट सैल केला, तरी जाम. मग निपल उघडला. फस्सकन् ऑइल उडालं आणि चाक मोकळं फिरायला लागलं. म्हणजे अडथळा त्या नटाच्या आणि निपलच्या मधे.

होज! कॅलिपर नाही, मास्टर नाही, हवा तर नाहीच नाही. बाहेरून धडधाकट दिसणारा रबरी पाइप आतून सुजलेला होता. पायाचा जोर ऑइल पुढे ढकलतो, म्हणून ब्रेक लागतो, जरा उशिरा का होईना. पाय काढल्यावर मागे ढकलायला तेवढा जोर कुठून येणार? दाब तिथेच अडकतो आणि पॅड घासत राहतात. काढलेला होज कापून पाहिला तर आतलं भोक टाचणी जेमतेम जाईल एवढं. पाच मिनिटांची तपासणी. त्यासाठी दोन कॅलिपर, एक मास्टर आणि माझे तीन रविवार गेले.

डावा होज बदलला. चाक थंड, गाडी सरळ. उजवा होज त्याच वयाचा, म्हणून म्हटलं हाताबरोबर तोही उरकून टाकू. आज सकाळी पाना लावला, जोर दिला, नट फिरला. खूश झालो. मग टॉर्च जवळ नेऊन पाहिलं तर नट एकटा फिरत नव्हता, गंजलेला स्टीलचा पाइप त्याच्यासोबत पिळला गेला होता.