वाळवंटातली सप्तपदी आणि 'घोटाला घोट'

'सहारात धावणाऱ्या जोडप्यांसाठी सप्तपदी' असा एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. वर वाळूत पळणाऱ्या नवरा-बायकोचा फोटो, खाली जोडलेले हात आणि 'प्रत्येक धावणाऱ्या जोडप्यापर्यंत पोचवा' अशी आज्ञा. आमच्या मावशीने ती पाळली. तिची लेक आणि जावई मोरोक्कोतल्या 'मॅरेथॉन दे साब्ल' या वाळवंटी शर्यतीची तयारी करताहेत. दोघांनी पहिल्या सूत्रावरून पाणी पिण्याचं वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलंसुद्धा. मावशीला फोनवर समजावून पाहिलं. "अगं, पण त्यात डॉक्टरांचं नाव आहे." नाव आहे. आडनाव नाही, गाव नाही, पदवी नाही. म्हणून आता सविस्तर लिहिते.

आधी शर्यतीविषयी थोडं, कारण मजकूर लिहिणाऱ्याला तेही ठाऊक नसावं. पात्रीक बोएर नावाच्या फ्रेंच माणसाने १९८४ मध्ये अल्जीरियाच्या सहारात एकट्याने साडेतीनशे किलोमीटर पायपीट केली आणि १९८६ मध्ये मोरोक्कोत ही शर्यत सुरू केली. पहिल्या वर्षी २३ जण होते. आता दक्षिण मोरोक्कोत साधारण २५० किलोमीटर धावायचं असतं आणि सगळ्यात लांब टप्पा ८० किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून मोठा असतो. खाणं, अंथरूण-पांघरूण, औषधं, सगळं आपल्याच पाठीवर. पाणी आयोजक देतात. टप्पे सहा असतात, सप्तपदीसाठी एक कमी पडतो. असो.

पहिलं सूत्र असं: 'तहान लागली म्हणजे उशीर झाला. दोघांनी दर पंधरा मिनिटांनी, घोटाला घोट, सारखंच पाणी प्यावं. एकाने प्यायलं की दुसऱ्यानेही प्यावं, हेच खरं सहजीवन.'

सगळ्यात जास्त हृदयं या वाक्याला मिळाली आहेत आणि या मजकुरात जीव घेण्याची ताकद असलेलं वाक्यही हेच आहे. घामावाटे जातं त्यापेक्षा जास्त पाणी तासन्‌तास पोटात गेलं, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. त्यात दमछाक झालेलं शरीर पाणी धरून ठेवायला लागलेलं असतं, त्यामुळे जास्तीचं पाणी लघवीवाटे पुरेसं बाहेरही पडत नाही. ते पेशींमध्ये शिरतं, मेंदूच्या पेशींमध्येसुद्धा. मेंदूला फुगायला कवटीत जागा नसते. डोकं दुखतं, उलट्या होतात, बोटं सुजून अंगठी घट्ट होते, माणूस असंबद्ध बोलायला लागतो, आणि वेळीच कुणाच्या लक्षात आलं नाही तर झटके, बेशुद्धी, मृत्यू.

हे माझं मत नाही. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं गेलं आणि तो अभ्यास २००५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. तिघांचं तर जिवावर बेतेल इतकं कमी होतं. कोणाचं कमी झालं? ज्यांचं वजन धावताना वाढलं होतं त्यांचं, ज्यांना चार तासांहून जास्त वेळ लागला त्यांचं, आणि उंचीच्या मानाने फार बारीक किंवा फार जाड असलेल्यांचं. बेचाळीस किलोमीटर धावून वजन वाढतं, याचा अर्थ एकच, पाणी जास्त झालं. त्याच शर्यतीत २८ वर्षांची एक धावपटू याच कारणाने गेली. ती साधं पाणी पीत नव्हती, स्पोर्ट्स ड्रिंक पीत होती.

आता घोटाला घोट. माझी बहीण पन्नास किलोच्या आत आहे, जावई ऐंशीच्या घरात. त्याला घाम जास्त येतो, कारण अंग मोठं आणि पाठीवरचं ओझंही जास्त. त्याचा एक लिटर आणि तिचा एक लिटर ही एकच गोष्ट नव्हे. त्याच्या तहानेच्या मापाने ती दिवसभर पीत राहिली, तर बॉस्टनच्या यादीतल्या निदान दोन खुणा तिच्यावर बसतात: वजन वाढणं आणि वेळ जास्त. लग्नाने दोन माणसांचं घर एक होतं, मूत्रपिंडं नाहीत.

कुणी म्हणेल, बॉस्टन कुठे आणि सहारा कुठे. बरोबर आहे. सहारात घाम कितीतरी जास्त जातो, आणि पाणी कमी पडून, ऊन लागून माणूस कोसळणं हा तिथला खराखुरा धोका आहे. म्हणून 'पाणी कमी प्या' असं मी म्हणत नाहीये. तहान लागेल तसं प्या, ज्याच्या त्याच्या तहानेप्रमाणे. २०१५ मध्ये या विषयातल्या जगभरच्या जाणकारांनी एकत्र बसून हाच सल्ला दिला आहे. या शर्यतीत वर्षानुवर्षं पाणी मोजून मिळायचं आणि जास्त मागितलं की वेळेचा दंड व्हायचा. त्यामुळे हातात आलेली बाटली संपवलीच पाहिजे असं वाटणं साहजिक आहे. नको असेल तर डोक्यावर ओता, मानेवर ओता.

दुसरं सूत्र पहिल्याचाच धाकटा भाऊ: 'मिठाची गोळी घेतली की मग कितीही पाणी प्या.' यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. या शर्यतीत आयोजकांनीच वर्षानुवर्षं मिठाच्या गोळ्या दिल्या आहेत, आणि दिवसचे दिवस घाम गाळताना मीठ लागतंच. पण गोळीने 'कितीही'ची मुभा मिळत नाही. बाजारातल्या बहुतेक स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये सोडियम रक्ताच्या जेमतेम सातव्या हिश्श्याइतकं असतं. ओआरएससुद्धा रक्तापेक्षा पातळच. बॉस्टनच्या अभ्यासात तर पाणी प्यायलं की स्पोर्ट्स ड्रिंक, याने काहीच फरक पडला नव्हता. फरक पडला तो किती प्यायलं याने.

आणि एक. माणूस भोवळ येऊन पडला की आपल्याकडे पहिलं वाक्य असतं, 'सलाईन लावा.' सोडियम घसरून पडलेल्याला नेहमीचं सलाईन लावल्याने बरं वाटायला उशीर होतो, कधी प्रकृती आणखी बिघडते. त्याला तीन टक्के मिठाचं तीव्र सलाईन लागतं, तेही डॉक्टरच्या हातून. तेव्हा तंबूतल्या डॉक्टरला 'काल दिवसभरात इतकं पाणी प्यायली' हे खरं सांगायचं. लाजायचं नाही.

मग येतं शिवाम्बू. मला वाटलं होतं ते मोरारजींबरोबर संपलं. 'इटलीचं एक जोडपं वाळवंटात दहा दिवस हरवलं, स्वमूत्र प्राशन करून जगलं, प्रेम आणि शिवाम्बू दोन्ही सिद्ध.' मूळ गोष्ट १९९४ ची, याच शर्यतीतल्या माउरो प्रोस्पेरी या इटालियन धावपटूची. जोडपं नव्हतं हो! बायको मुलांना घेऊन घरी होती. वाळूचं वादळ आलं तेव्हा हा थांबला नाही, पळत राहिला, आणि वादळ सरल्यावर रस्ता दिसेना. सुमारे तीनशे किलोमीटर भरकटून तो अल्जीरियात निघाला. वाटेत एका ओसाड दर्ग्यात वटवाघळं पकडून त्यांचं रक्त प्यायला. लघवी त्याने अगदी सुरुवातीलाच बाटलीत साठवली होती, कारण अंगात पाणी असेपर्यंत ती स्वच्छ असते हे त्याला माहीत होतं. म्हणजे उपयोग झाला असेल तर आदल्या पाण्याचाच. पुढे लघवी घट्ट होत जाते आणि मूत्रपिंडाने बाहेर टाकलेलं मीठ पुन्हा त्याच्याच गळ्यात घालते. यकृत दुखावलं, पूर्ण सावरायला दोनेक वर्षं गेली. ही गोष्ट वाचून घ्यायचा धडा असेल तर तो वादळात जागच्या जागी थांबण्याचा आहे. तेवढंच नेमकं मजकुरात नाही.

'कोरडी उष्णता निर्धोक, घामच येत नाही' म्हणे. येतो, वाळून जातो म्हणून दिसत नाही. मुंबईच्या मे महिन्यापेक्षा तिथे घाम लवकर उडतो आणि अंग थंड व्हायला मदत होते, इतकं खरं. पण २०२१ मध्ये याच कोरड्या हवेत, उन्हाने आणि पोटाच्या त्रासाने जवळजवळ निम्मे स्पर्धक बाहेर पडले, आणि एका फ्रेंच धावपटूचा मृत्यू झाला. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस आधीच राखून ठेवा.

'वाळू मऊ, गुडघ्यांना बरी.' मार्गाचा मोठा भाग दगडगोट्यांचं पठार, सुकलेली तळी आणि डोंगर आहे. पुढे.

'नवऱ्याने बायकोचं ओझं उचलावं.' भावना छान, नियमात बसत नाही. पाणी सोडून प्रत्येकाची पिशवी साडेसहा ते पंधरा किलोंच्या मध्ये असावी लागते, आणि रोजच्या किमान २००० कॅलरी अन्न व सक्तीचं सामान ज्याचं त्याच्याकडे. तपासणीत सामान नसलं तर दंड तिलाच बसणार. टूथपेस्ट एकच न्या, हवं तर.

रोज सकाळी ब्रुफेन घेऊन निघण्याचा सल्ला मात्र हसण्यावारी नेऊ नका. वाळवंटी शर्यतींच्या ८० किलोमीटरच्या टप्प्यावर ८९ धावपटूंवर याचीच चाचणी झाली, २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. दर चार तासांनी ४०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ५२ टक्क्यांच्या मूत्रपिंडाला तात्पुरती इजा दिसली, औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी ३४ टक्क्यांच्या. गट लहान होता, त्यामुळे फरकाबद्दल पक्कं बोलता येत नाही. पण मुळातच तिघांतल्या एकाचं मूत्रपिंड ताणलेलं असताना वर गोळी कशाला? शिवाय हीच औषधं शरीरात पाणी अडकवायलाही हातभार लावतात. म्हणजे पहिलं सूत्र आणि हे सूत्र जोडीने पाळलं की झालंच.

उरलं शेवटचं, सप्तपदीतलं चक्क आठवं: 'एकमेकांचा हात सोडू नका. एक थांबला तर दुसऱ्यानेही थांबावं.' पहिल्या वाक्यात तथ्य आहे. सोडियम घसरलं किंवा ऊन डोक्यात गेलं की आधी आपलीच बुद्धी जाते, आपलं आपल्याला कळत नाही. 'ही असं का बोलतेय' हे ओळखायला रोज तिचं बोलणं ऐकणारा माणूस शेजारी असणं चांगलंच. त्यासाठी तिच्या वेगाने चालायची त्याची तयारी हवी, आणि आपल्यासाठी त्याला जास्त तास उन्हात राहावं लागतंय म्हणून तिने ओढूनताणून पळू नये. दुसरं वाक्य वाईट. आपल्यामुळे त्याची शर्यत जाईल या भीतीने माणूस दुखणं लपवतो, फोड लपवतो, उलटी लपवतो. म्हणून एक बाहेर पडला तर दुसऱ्याने पुढे जायचं, हे पुण्यातच ठरवून ठेवा. फ्रिजवरचा तो कागद काढा, आणि पुढच्या रविवारी लांब धावायच्या आधी आणि नंतर दोघांनी वजन करा. तिचं वाढलेलं निघालं तर मावशीला फोन मी करते.