हबर्ट यांच्या आलेखाबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकी भूशास्त्रज्ञ किंग हबर्ट यांच्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं दिसलं नसतं, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. अमेरिकेचं तेल उत्पादन 1970 च्या सुमारास शिखर गाठून उतरणीला लागेल, असं हबर्टनी 1956 मध्ये सांगितलं. आज अमेरिका जगात सर्वाधिक कच्चं तेल काढते, म्हणजे भाकीत साफ खोटं ठरलं. दुसरं, त्यांची उमेदीची वीस वर्षं शेल या तेल कंपनीत गेली, त्यांना मी 'प्राध्यापक' का म्हणतो? तिसरं, तरुणपणी ते टेक्नॉक्रसी चळवळीत (समाजाचा कारभार तंत्रज्ञांनी चालवावा असं मानणाऱ्या) होते आणि तेल संपण्याची भीती तिथूनच आली. तुम्ही स्वतः पश्चिम टेक्सासात आडव्या विहिरींवर (खोल गेल्यावर खडकात आडव्या वळवलेल्या) काम केलं आहे, त्यामुळे ऐकीव गोष्टींवर बोलत नाही, असंही लिहिलंत. आणि शेवटी विचारलंत, "चुकलेल्या माणसाचं एवढं कौतुक कशासाठी?"

आधी माझी चूक. हबर्टनी 1970 हे साल 'अचूक' सांगितलं, असं मी लिहिलं होतं. ते बरोबर नाही. मार्च 1956 मध्ये सॅन अँटोनिओला अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या तेल उद्योगाच्या संघटनेच्या बैठकीत त्यांनी जो निबंध वाचला, त्यात दोन वक्ररेषा होत्या. देशातून एकूण 150 अब्ज पिंपं तेल निघणार असं धरलं तर शिखर 1965 च्या आसपास, आणि 200 अब्ज धरलं तर 1970 च्या आसपास. दुसरी रेषा खरी ठरली म्हणून लोक पहिली विसरले, आणि मीही तेच केलं. शिवाय शिखराची उंचीही जुळली नाही. त्यांनी वर्षाला सुमारे 3 अब्ज पिंपं धरली होती, 1970 मध्ये प्रत्यक्षात साडेतीन अब्ज निघाली. लेखातलं ते वाक्य आता दुरुस्त केलं आहे.

तुम्ही ज्या चुका काढल्या नाहीत त्याही इथे सांगायला हव्यात. त्याच निबंधात जगाच्या तेलाचं शिखर 2000 सालाच्या आसपास, वर्षाला साडेबारा अब्ज पिंपांवर दाखवलं होतं. त्या वर्षी जगाने त्याच्या जवळजवळ दुप्पट तेल काढलं. नैसर्गिक वायूचा अंदाज तर फारच तोकडा निघाला. अमेरिकेत वायूचं शिखर 14 ट्रिलियन घनफुटांचं असेल असं ते म्हणाले होते. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीलाच आकडा 22 च्या घरात गेला होता आणि आज तो त्याहून बराच वर आहे.

तरीही 'साफ खोटं' हे मला मान्य नाही. 1970 मध्ये अमेरिका दिवसाला सुमारे 96 लाख पिंपं तेल काढत होती. पुढच्या दहा वर्षांत तेलाची किंमत जवळपास दसपट झाली, देशभर विहिरी खोदण्याची झुंबड उडाली, 1977 पासून अलास्काचं नवं तेल वाहू लागलं, आणि एवढं होऊनही तो आकडा परत आला नाही. 2008 पर्यंत उत्पादन 50 लाखांवर घसरलं. अडतीस वर्षं एखादी गोष्ट खरी राहते, तेव्हा ती कशामुळे खरी राहिली हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

त्या काळचा दुसरा अंदाज कोणता होता, तेही पाहा. 1961 मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या झॅप यांच्या पद्धतीने देशातलं एकूण तेल 590 अब्ज पिंपं येत होतं. ही पद्धत सांगायला सोपी आहे. देशात एकंदर 5 अब्ज फूट खोदकाम करता येईल, आणि आजवर दर फुटामागे जेवढं तेल सापडलं तेवढंच, म्हणजे सुमारे 118 पिंपं, पुढेही सापडत राहील. हबर्टनी शोधांचा इतिहास काढून फुटामागची पिंपं मांडली. सुरुवातीच्या काळात ती 200 च्या आसपास होती, 1960 च्या दशकात 35 वर आली होती. मोठी क्षेत्रं आधी सापडतात, मग खोदत राहावं तसं हाती कमी लागतं. विहिरीवर उभ्या राहिलेल्या माणसाला हे पुस्तक न वाचता कळतं, तुम्हालाही कळलं असेल. पण सरकारी अंदाजाच्या मुळाशी ते नव्हतं, आणि ते तिथे आणण्यासाठी हबर्टना कित्येक वर्षं भांडावं लागलं. आधी त्यांच्याच कंपनीशीही. सॅन अँटोनिओच्या भाषणाला उभं राहण्याच्या काही मिनिटं आधी मुख्य कचेरीतून फोन आला होता, जरा सौम्य बोला म्हणून. त्यांनी ते ऐकलं नाही, ठरवलं होतं तेच बोलले.

मग 2008 नंतर काय झालं? इथे मला तुमच्याशी खरं बोलायचं आहे, कारण तुम्ही त्या कामातले आहात.

हबर्ट यांचा आलेख ज्या तेलाचा होता ते तेल सापळ्यात अडकलेलं असतं. सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या शेल खडकात ते तयार होतं (या खडकाचा त्या कंपनीच्या नावाशी संबंध नाही), तिथून हळूहळू निसटून वालुकाश्मात किंवा चुनखडकात शिरतं, आणि वर अभेद्य थर असला तर तिथे साठून राहतं. शंभर वर्षं सगळे हे साठेच शोधत होते. शेल खडकात मागे राहिलेलं तेल सगळ्यांना माहीत होतं, पण त्या खडकातून ते वाहतच नाही, म्हणून ते हिशोबात धरण्याचं कारण नव्हतं. आडव्या विहिरी आणि जलदाबाने खडक फोडण्याचं तंत्र एकत्र आलं आणि तेल जिथे जन्मतं त्या खडकातूनच ते काढता येऊ लागलं. नॉर्थ डकोटातला बाकेन, दक्षिण टेक्सासातला ईगल फोर्ड, आणि तुमचं पर्मियन खोरं. 2018 पर्यंत 1970 चा आकडा मागे पडला, 2019 मध्ये उत्पादन दिवसाला 1 कोटी 20 लाख पिंपांच्या वर गेलं.

'एकूण किती तेल निघणार' हा आकडा फक्त जमिनीच्या पोटात ठरत नाही, तो तंत्र आणि किंमत यांच्यावरही ठरतो. हबर्टनी तो घट्ट धरला. त्यांची चूक नेमकी इथे आहे आणि ती मोठी आहे.

पण आता हे वाचा. 1957 मध्ये हबर्ट आणि डेव्हिड विलिस यांनी जलदाबाने खडक कसा फुटतो यावर एक निबंध प्रसिद्ध केला. हे तंत्र तेव्हा दहा वर्षांचं होतं, पहिला प्रयोग कॅन्ससमधल्या ह्यूगोटन क्षेत्रात 1947 मध्ये झाला होता. तेलवाल्यांचा सर्वसाधारण समज असा होता की पाण्याच्या दाबाने वरचा सगळा खडक उचलला जातो आणि भेग थरांना धरून आडवी पडते. हबर्ट आणि विलिस म्हणाले, खडकावरचा दाब सगळ्या दिशांनी सारखा नसतो. ज्या दिशेने तो सर्वांत कमी, त्या दिशेला खडक उघडतो, म्हणजे भेग त्या दिशेला काटकोनात पडते. पुरेशा खोलीवर सर्वांत कमी दाब बहुतेक वेळा आडव्या दिशेचा असतो, म्हणून भेग उभी पडणार. त्यांनी ते करूनही दाखवलं. जेलाटिनचा गोळा घेतला, तो बाजूंनी आवळून धरला, आत नळीवाटे प्लास्टर ऑफ पॅरिसचं पातळ मिश्रण दाबाने सोडलं, ते घट्ट झाल्यावर जेलाटिन कापलं. भेग सांगितलेल्या दिशेलाच पडलेली होती.

आज आडवी विहीर कोणत्या दिशेला न्यायची हे याच तत्त्वावर ठरतं. ती सर्वांत कमी आडव्या दाबाच्या दिशेने नेतात, म्हणजे प्रत्येक टप्प्यावरची भेग विहिरीला आडवी छेदून दोन्ही बाजूंच्या खडकात लांबवर जाते. हबर्ट यांचा आलेख ज्या तेलाने मोडला, त्या तेलाच्या प्रत्येक विहिरीत त्यांचा 1957 चा निबंध आहे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि मूळ लेखात मी याला एकच वाक्य दिलं, ही त्या लेखातली सर्वांत मोठी उणीव.

दोन वर्षांनी, 1959 मध्ये, भूशास्त्रज्ञ विल्यम रूबी यांच्याबरोबर त्यांनी एक जुनं कोडं सोडवलं. पर्वतरांगांमध्ये खडकाचे पातळ आणि विस्तीर्ण थर कित्येक किलोमीटर सरकून दुसऱ्या खडकांवर चढलेले दिसतात. घर्षणाचा हिशोब केला तर एवढा थर ढकलताना तो सरकण्याआधीच चुरडला जायला हवा. उत्तर होतं खडकाच्या रंध्रांमधलं पाणी. कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढला की वरच्या खडकाचं ओझं ते पाणीच पेलतं, खालच्या खडकावरचा भार हलका होतो आणि घर्षण पार कमी होतं. त्यासाठी त्यांनी थंड केलेला बिअरचा रिकामा डबा ओल्या काचेवर पालथा ठेवला. एरवी तो घसरायला काच 17 अंशांच्या आसपास तिरकी करावी लागे. डबा गरम होऊन आतली हवा फुगू लागली की तो 1 अंशाच्या उतारावरही सरकत जाई.

हे फक्त पर्वतांपुरतं राहिलं नाही. 1962 मध्ये डेन्व्हरजवळ अमेरिकी लष्कराने साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत रासायनिक सांडपाणी दाबाने सोडायला सुरुवात केली आणि त्या भागात भूकंप होऊ लागले. 1966 मध्ये ते थांबवावं लागलं. मग कोलोरॅडोतल्याच रेंजली तेलक्षेत्रात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने मुद्दाम प्रयोग केला. पाण्याचा दाब ठरावीक पातळीच्या वर नेला की लहान भूकंप सुरू, खाली आणला की बंद. ओक्लाहोमात 2016 मध्ये पॉनीजवळ 5.8 तीव्रतेचा भूकंप झाला, तो तेलविहिरींचं खारं पाणी खोल जिरवण्याशी जोडला जातो. तिथे पाणी किती सोडायचं यावर राज्याने जी बंधनं आणली, त्यांच्या मागचं शास्त्र हेच.

आता 'प्राध्यापक' या शब्दाबद्दल. 1931 ते 1940 ते कोलंबिया विद्यापीठात भूभौतिकी शिकवत होते. 1943 ते 1964 शेल. त्यानंतर भूवैज्ञानिक सर्वेक्षण, आणि त्याच्या आगेमागे स्टॅनफर्ड आणि पुढे बर्कली इथे अध्यापन. वर्षं मोजली तर तुमचा आक्षेप टिकतो. पण त्यांचा सगळा झगडा शिकवण्याबद्दलचाच होता. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला भौतिकशास्त्र आणि गणित पक्कं यायला हवं, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. एकच उदाहरण देतो. द्रव जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहतो, असं पाठ्यपुस्तकं सर्रास सांगत. भरलेल्या टाकीत तळाशी दाब जास्त असतो, पृष्ठभागावर कमी, तरी पाणी आपोआप वर चढत नाही. कारण उंचीही मोजावी लागते. 1940 मध्ये भूजलावर लिहिताना त्यांनी हे गणित नीट मांडलं, आणि 1953 मध्ये तेच तेलाला लावलं. जमिनीखालचं पाणी वाहतं असेल तर तेलाची खालची पातळी तिरकी होते, साठा खडकाच्या घुमटासारख्या थराच्या माथ्यावरून बाजूला सरकतो, आणि नेमकी माथ्यावर खोदलेली विहीर कोरडी जाऊ शकते. वर्ग कंपनीच्या प्रयोगशाळेत भरला म्हणून याला शिकवणं म्हणायचं नाही, असं मला वाटत नाही.

त्याच प्रयोगशाळेत त्यांच्याबरोबर केनेथ डेफेस नावाचे तरुण भूशास्त्रज्ञ होते. हबर्ट यांचे आकडे पाहून, हा उद्योग आता आकसत जाणार असं ठरवून ते बाहेर पडले आणि 1967 पासून प्रिन्स्टनला शिकवू लागले. ते तुमच्या व्याख्येतही प्राध्यापक. पण त्यांनी जगाच्या तेलाच्या शिखराचा दिवस सांगितला, 2005 चा थँक्सगिव्हिंग, म्हणजे नोव्हेंबरअखेरचा अमेरिकी सण. जगाचं उत्पादन त्यानंतरही वाढत राहिलं. तुमचा राग त्या प्रकारच्या भाकितावर असेल तर मी तुमच्या बाजूला आहे. हबर्टनी दोन रेषा काढल्या होत्या आणि कोणती रेषा कशावर अवलंबून आहे ते सांगितलं होतं. वारसदारांनी तारखा दिल्या.

टेक्नॉक्रसीबद्दल फार लिहीत नाही. 1930 च्या दशकात ते त्या चळवळीच्या संस्थापकांपैकी होते, हे खरं आहे. पैशाऐवजी ऊर्जेत हिशोब मांडायचा हा विचार त्यांनी सोडला नाही, हेही खरं. म्हणून त्यांचे हेतू तपासा, जरूर तपासा. पण फुटामागची 35 पिंपं कोणत्याही चळवळीची नव्हती, ती खोदकामाच्या नोंदींतून आली होती. आणि भीतीचं म्हणाल, तर 1956 च्या त्या निबंधाचं नावच अणुऊर्जा आणि जीवाश्म इंधनं असं होतं. तेल संपेल म्हणून सगळं संपेल, असं ते म्हणत नव्हते, पुढची ऊर्जा शोधायला हाताशी किती वर्षं आहेत हे मोजत होते. पुढे त्यांचा कल अणूकडून सूर्याकडे झुकला.

तुमच्याकडून एक गोष्ट मात्र मला हवी आहे. पर्मियनमध्ये सर्वांत कमी दाबाची दिशा थोड्या थोड्या अंतरावर बदलते, असं वाचलं आहे. तुम्ही ज्या विहिरींवर होतात तिथे आडव्या भागाची दिशा कशी ठरवत असत? भेगा अपेक्षेपेक्षा वेगळ्या दिशेला गेल्याचं कधी पाहिलंत का, आणि ते वर बसलेल्या माणसांना कशावरून कळतं? सवडीने लिहा. सविस्तर लिहिलंत तर तुमच्या परवानगीने मूळ लेखाच्या खाली जोडेन.