माजी सैनिकाने घर मागण्यापूर्वी घ्यावयाची खबरदारी

सैन्यातून निवृत्त झाल्यावर आपल्याला डोक्यावर छप्पर हवे असेल, तर निश्चिंत असावे, कारण शासन आपल्या पाठीशी खंबीरपणे उभे आहे. म्हाडाच्या सोडतीत आपल्यासाठी राखीव घरे आहेत, सरकारी जमिनीच्या वाटपासाठी 1971 चे नियम आहेत, पुण्यात सैनिक कल्याण विभाग आणि जिल्ह्याजिल्ह्यांत त्याची कार्यालये आहेत, शिवाय 2020 मध्ये घरपट्टी माफ करण्याचाही निर्णय झाला आहे. घरपट्टी माफ होण्यासाठी आधी घर असावे लागते, ही किरकोळ बाब सोडली तर व्यवस्थेत काहीही उणे नाही. तरीही काही सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली सूचना अशी की, देशसेवा शक्यतो घराजवळच करावी. माझ्या चुलत्यांनी हे पथ्य पाळले नाही. 17 वर्षे पायदळात काढून अण्णा 'नाईक' या हुद्द्यावरून निवृत्त झाले, क्वार्टर सोडले आणि भावाच्या पडवीत येऊन राहिले. घराच्या अर्जाला अधिवासाचा दाखला लागतो, म्हणून गेल्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर एका कचेरीत गेलो. टेबलामागच्या गृहस्थांनी डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्याने दिलेले सेवेच्या नोंदींचे पुस्तक, चाळले आणि राज्यात 15 वर्षे राहिल्याचा पुरावा मागितला. "काका, एवढी वर्षं तुम्ही होतात कुठे? त्या काळातलं इथलं लाइट बिल आणा, नाहीतर भाडेकरार आणा." अण्णांनी सेवेच्या नोंदींवर बोट ठेवले: तेजपूर, कुपवाडा, पुन्हा तेजपूर. "हे महाराष्ट्रात येत नाही," असे भूगोलाचे ज्ञान आम्हाला तिथे विनामूल्य मिळाले.

तेव्हा सीमेवर जाताना बंकरला महावितरणचा मीटर बसवून घ्यावा आणि बिल गावच्या पत्त्यावर मागवावे. ज्या माणसाची जन्मनोंद याच तालुक्यातली, शाळेचा दाखला इथला, भरती इथल्याच मैदानावर झालेली, तो मधली वर्षे गावात का नव्हता याचे उत्तर सरकारनेच शिक्का मारून त्याच्या हाती दिले आहे, आणि ते उत्तर त्याच्याच विरोधात पुरावा म्हणून वाचले जाते! हा माणूस काय हौसेने कुपवाड्याला स्थायिक झाला होता? तो सरकारच्या हुकमाने गेला होता. तो पळून आला असता तर वास्तव्याची 15 वर्षे आरामात भरली असती.

वडिलोपार्जित घरात वाटणीला अर्धी खोली येत असेल, तर आपण बेघर नाही. उगाच अर्ज करू नये.

जमीन मागायचीच असेल, तर तब्येत सांभाळावी. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातून प्रांतांकडे, तिथून तहसीलदारांकडे, मंडळ अधिकाऱ्यांकडे आणि अखेर तलाठ्याकडे अहवालासाठी उतरतो, आणि त्याच पायऱ्यांनी पुन्हा वर चढतो. वाटेत एखादी त्रुटी निघाली की चढण नव्याने सुरू होते. जमीन मिळालीच, तर ती भोगवटादार वर्ग-2 ची असते, म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाही.

सैनिकांच्या नावाने उभ्या राहून घोटाळ्यात अडकलेल्या कुलाब्याच्या 'आदर्श' सोसायटीसारखे 31 मजले चढवायचे असतील, तर मात्र नात्यात पुढारी असावेत.

निवृत्तिवेतनच नसेल, तर 65 वर्षांचे होईपर्यंत दम धरावा, कारण केंद्राचे निर्धनता अनुदान तेव्हा सुरू होते. ते नोव्हेंबर 2025 पासून महिना 4,000 वरून 8,000 रुपये झाले आहे. त्यात शहरात भाड्याची खोली शोधून दाखवावी.

यापुढे तर हा प्रश्न मुळातूनच मिटणार आहे. 2022 च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीर कायम होतील. उरलेल्यांना सुमारे 11 लाख 71 हजारांचा सेवानिधी मिळेल, निवृत्तिवेतन मिळणार नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही मिळणार नाही. दर्जाच नाही म्हटल्यावर तो उद्या फलाटावर झोपला, तरी बेघर माजी सैनिकांत त्याची गणती होण्याचे कारण नाही. प्रश्न सोडवण्याची ही रीत कुणाच्या डोक्यातून निघाली, त्याला खरे तर पदकच द्यायला हवे.

आता उपरोध पुरे झाला. अधिकाऱ्यांनो, दर 7 डिसेंबरला सैनिकांसाठीच्या ध्वजनिधीचे उद्दिष्ट पुरे केल्याबद्दल सत्कार घेता, 26 जानेवारीला त्याच माणसाला पहिल्या रांगेत बसवून फोटो काढता, आणि 27 तारखेला त्याच्याकडे लाइट बिल मागता, याची जराही लाज वाटत नाही? डिस्चार्ज बुक हाच वास्तव्याचा पुरावा माना आणि तसे लेखी आदेश प्रत्येक टेबलापर्यंत पोहोचवा. त्याला पैसा लागत नाही, समिती लागत नाही. सही लागते, ती करा.